जुन्या गाडीला टायर घेताना

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. धाराशिवला नात्यातला वलीमा आटोपून आम्ही दुपारी तीनच्या सुमारास बीडकडे निघालो. गाडीत अम्मी, दोन्ही मुले, आम्ही नवरा-बायको आणि डिकीत आंब्यांची पेटी, कपड्यांच्या बॅगा, पाहुण्यांनी आग्रहाने दिलेला बिर्याणीचा डबा. येरमाळा गेले, चौसाळा गेले. मांजरसुंबा थोडेच राहिले असताना मागून धप्-धप् असा आवाज येऊ लागला. आधी वाटले, रस्ता खराब असेल. पण रस्ता तर चांगला गुळगुळीत होता.

गाडी बाजूला घेऊन उतरलो. डाव्या बाजूच्या मागच्या टायरला लिंबाएवढा फुगा आलेला. हात लावला तर चटका बसला. पुढे मांजरसुंब्याचा घाट उतरायचा होता. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवाच नाही. गाडी घेतल्यापासून तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. उन्हात अम्मी एका बाभळीच्या सावलीत बसल्या आणि तसबीह ओढू लागल्या. अर्ध्या तासाने एक टेम्पोवाले थांबले. त्यांच्याकडे पायाने हवा भरायचा पंप होता. त्यांनी स्टेपनीत हवा भरली, चाक बदलून दिले, पैसे घेतले नाहीत. "तीस-चाळीसच्या वर जाऊ नका सर, हीपण लई जुनी दिसते," एवढे सांगून गेले. बीडमध्ये शिरलो तेव्हा मगरिबची अजान होत होती. अल्हमदुलिल्लाह, सर्वजण सुखरूप.

आमची गाडी म्हणजे एमएच-२३ पासिंगची २०११ ची वॅगन-आर, एलएक्सआय. शाळेला आम्ही दुचाकीवर जातो. गाडी निघते ती लग्नकार्याला, दवाखान्याला, सुट्टीत नातेवाइकांकडे. नवी गाडी घ्यायची तर बँकेचे कर्ज आणि त्यावरचे व्याज, ते आम्हाला नको आहे. म्हणून जी आहे तीच नीट ठेवायची, असे घरात ठरलेले. ऑइल वेळेवर, बॅटरी वेळेवर, सीट कव्हरसुद्धा नवे. टायरकडे मात्र लक्ष नव्हते, कारण चारही टायरची नक्षी चांगली जाड होती. मग चांगल्या नक्षीच्या टायरला फुगा कसा आला?

दुसऱ्या दिवशी टायरवाल्या उस्तादांकडे गेलो. आपल्या समाजातल्या मुलांना "पंक्चरवाले" म्हणून हिणवणारे लोक आम्ही पाहिले आहेत, कधी कधी आपल्याच घरातले सुशिक्षितही तो शब्द तशाच सुरात वापरतात. त्या दिवशी उस्तादांनी पंधरा मिनिटांत जे शिकवले, ते आम्हाला बी.एड. होऊनही ठाऊक नव्हते. त्यांनी ओल्या फडक्याने टायरची कड पुसली आणि म्हणाले, "सर, नक्षी नंतर बघा. आधी हिची पैदाइश बघा."

टायरच्या कडेवर डीओटी या इंग्रजी अक्षरांपाशी काही अक्षरे-आकडे असतात. त्यातले शेवटचे चार आकडे लंबवर्तुळाकार चौकटीत असतात. आमच्या टायरवर होते १४१५. म्हणजे २०१५ सालचा चौदावा आठवडा, एप्रिलचा पहिला पंधरवडा. दहा वर्षे झालेली! कधी कधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि टायर उलटा बसवला असेल तर आतल्या बाजूला जातात, तेव्हा वाकून बघावे लागते. स्टेपनीवरचे आकडे तर ११ ने संपत होते. गाडीबरोबर कारखान्यातून आलेली स्टेपनी, चौदा वर्षांची.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ऊन, हवा, उष्णता यांनी त्यातली लवचीकता जाते, कडेवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. आतले धागे पकड सोडतात किंवा खड्ड्याच्या फटक्याने तुटतात आणि तिथे हवा रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. जी गाडी रोज धावते तिचे टायर झिजून बदलले जातात. आपल्या घरांतल्या जुन्या छोट्या गाड्या महिन्यातून चार वेळा निघतात, बाकीचे दिवस अंगणात उन्हात उभ्या असतात. त्यांचे टायर झिजत नाहीत, नुसते वाळतात. बरेच उत्पादक सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही असो, बदलावा. स्टेपनीसुद्धा. बीडच्या उन्हाळ्यात आम्ही तरी दहाची वाट पुन्हा बघणार नाही.

टायर बदलायचे ठरले तसा घरात दुसरा विषय निघाला. आमचा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गाड्यांचा शौकीन आहे. त्याच्या मित्राने स्विफ्टचे पंधरा इंची अलॉय व्हील टायरसकट विकायला काढले होते. चारांचे सोळा हजार. "मामू, बोल्ट तेच आहेत, चारच्या चार बसतात. गाडी एकदम नवी दिसेल," भाच्याचा युक्तिवाद. आमच्या धाकट्याने लगेच मान डोलावली. आणि खरे सांगायचे तर क्षणभर आम्हालाही मोह झाला. पैसे तेवढेच जाणार होते.

इथे उस्तादांची दुसरी शिकवणी कामाला आली. टायरच्या कडेवर मोठ्या अक्षरांत मापाची ओळ असते. आमच्या गाडीची ओळ अशी: १४५/८० आर १३ ७५ एस. पहिला आकडा टायरची रुंदी, १४५ मिलिमीटर. दुसरा मिलिमीटर नाही, टक्के आहेत. टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. पुष्कळ लोक 'आर' म्हणजे रेडियस समजतात, आम्हीही समजत होतो. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची ती एक रचना आहे. १३ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! आठवीच्या एखाद्या विद्यार्थ्याने अशी एकके मिसळली असती तर आम्ही लाल पेनाने गोल केला असता. पुढचा ७५ हा भार दाखवतो, म्हणजे योग्य हवा असताना एका टायरने जास्तीत जास्त ३८७ किलो उचलावे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा. त्या वेगाने आपल्याला जायचे नाही हे वेगळे सांगायला नको.

मुलगी नववीत आहे. तिला आम्ही वही घेऊन बसवले. टायरची पूर्ण उंची किती? कड वरही येते आणि खालीही येते, म्हणून ११६ ची दुप्पट २३२. तेरा इंच म्हणजे सुमारे ३३० मिलिमीटर. बेरीज ५६२. आता स्विफ्टचे चाक: १८५/६५ आर १५. रुंदी १८५, तिचे ६५ टक्के १२०, दुप्पट सुमारे २४०, आणि पंधरा इंचांचे ३८१. बेरीज ६२१. म्हणजे चाक जवळजवळ साठ मिलिमीटरने मोठे, साडेदहा टक्क्यांनी!

मग तिने बावीस सप्तमांशाने गुणून परीघ काढला. आमचे चाक एका फेरीत सुमारे पावणेदोन मीटर जाते, स्विफ्टचे सुमारे दोन मीटर. स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त चाकाच्या फेऱ्या कळतात. मोठे चाक लावले की काटा ८० दाखवेल आणि गाडी प्रत्यक्षात ८८ ने पळत असेल. किलोमीटर कमी मोजले जातील. चाकाचा मध्य तीन सेंटिमीटर वर जाईल आणि टायर चार सेंटिमीटर रुंद होईल, म्हणजे पाच माणसे बसलेली गाडी खड्ड्यात दबली किंवा स्टीअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासू शकते. छोट्या इंजिनाला जड चाक ओढावे लागेल आणि त्याच छोट्या ब्रेकला ते थांबवावे लागेल. बोल्ट बसले म्हणजे चाक बसले असे नाही, हे भाच्याला वहीवर दाखवले तेव्हा तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "कॉलेजमध्ये हे शिकवलं होतं, पण गाडीला लावून पाहिलं नव्हतं."

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. चाकांचे माप भलतेच असेल तर अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.

म्हणजे मोठे रिम कधीच लावू नये का? तसेही नाही. आमच्याच गाडीचे उदाहरण घ्या. त्याच काळातल्या वॅगन-आरच्या व्हीएक्सआय या वरच्या मॉडेलला कंपनीने चौदा इंची रिम दिले होते, टायर १५५/६५ आर १४. मुलीने त्याचीही उंची काढली: कड सुमारे १०१, दुप्पट २०२, त्यात चौदा इंचांचे ३५६, एकूण ५५८ च्या आसपास. तेरा इंचीच्या ५६२ शी तुलना करा, फरक एक टक्काही नाही. रिम एक इंचाने वाढवले तेवढी कड कमी केली, उंची तीच राखली. मोठे रिम घ्यायचे तर रीत ही आहे. आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने जे माप दिले आहे ते बिनघोर घ्यावे. ते गाडीच्या पुस्तिकेत असते. बाकीच्या मापांसाठी उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत असावा, भाराचा आकडा मूळपेक्षा कमी नसावा, असा व्यवहारातला नियम आहे.

आम्ही मात्र चौदा इंचीही घेतले नाही. कारण आपले रस्ते. महामार्ग सोडून आतल्या गावाला वळलात की काय होते ते बीडकरांना सांगायला हवे का? गावात शिरताना रंग न दिलेले गतिरोधक, पुलाजवळ उखडलेले डांबर, ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दबवलेल्या चाकोऱ्या. खड्ड्याचा पहिला फटका टायरची कड खाते. कड ११६ मिलिमीटर असेल तर रबर आणि हवा मिळून तो जिरवतात. कड जितकी बारीक, तितका फटका रिमपर्यंत पोहोचतो. लोखंडी रिम वाकले तर उस्ताद ठोकून सरळ करतात, अलॉय कधी कधी तडकते. पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये बारीक कडेची मोठी चाके रुबाबदार दिसतात, त्याला आमची ना नाही. पण अम्मींच्या कंबरेला विचाराल तर त्या उंच कडेच्याच बाजूने मत देतील.

दुकानात १४५/८० हे माप त्या दिवशी नव्हते. उस्ताद म्हणाले, १५५/८० आर १३ आहे, नवीन वॅगन-आरच्या साध्या मॉडेलला तेच येते, आत्ता बसवून देतो. हिशेब केला: उंची ५७८, फरक पावणेतीन टक्क्यांच्या थोडा वर. नियमाच्या कडेवर बसणारे. कित्येक जण बसवतात आणि त्यांचे चालतेही. पण आम्ही दोन दिवस थांबून आमचेच माप मागवले. जुन्या गाडीसाठी तेरा इंची, त्यातही बारा इंची माप मिळणे हळूहळू अवघड होत जाणार आहे, हे खरे. मारुती ८०० वाले आमचे एक सहकारी १४५/७० आर १२ साठी दर वेळी संभाजीनगरला फोन लावतात. दुकानदार "हेच बसतं" म्हणून पुढे करतो ते माप घेण्याआधी वरची बेरीज कागदावर करावी. दोन मिनिटांचे काम आहे, आणि शाळेत जाणारे मूल घरात असेल तर तेही लागत नाही.

माल आला तेव्हा आम्ही प्रत्येक टायरचे चार आकडे वाचले. एक टायर पावणेदोन वर्षांपूर्वीचा निघाला. तो परत केला. उस्तादांना राग आला नाही, हसले. "काल शिकवलं, आज माझ्यावरच चालवलं." आयएसआयचा शिक्का आहे का तेही पाहावे. कंपनी कोणती, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद होऊ शकतो. आमचे मत असे की नावाजलेल्या कोणत्याही कंपनीचा ताजा आणि योग्य मापाचा टायर, भारी कंपनीच्या शिळ्या टायरपेक्षा बरा. आपल्या वाळूजलाच गुडइयरचा कारखाना आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. आम्ही त्याच कंपनीचे घेतले असे मात्र नाही, मिळाले ते घेतले.

जुने टायर ट्यूबचे होते, नवे ट्यूबलेस. ट्यूबमध्ये खिळा शिरला की हवा भसकन जाते, ट्यूबलेसमध्ये हळूहळू जाते, सावरायला वेळ मिळतो. पण त्यासाठी रिमची कड सरळ आणि गंजमुक्त हवी, नाहीतर तिथून हवा झिरपते. आमचे दोन रिम घासून, रंगवून घ्यावे लागले. व्हॉल्व्हही नवे घातले, ते थोडक्या पैशांत मिळतात आणि तिथे काटकसर करू नये.

पाच टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून साडेसतरा हजार गेले. दोन शिक्षकांच्या घरातही हा खर्च महिन्याच्या हिशेबात टोचतो. आम्ही घेतले तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे, म्हणजे आता घेणाऱ्यांना थोडी सवलत. एकदम पाच जमत नसतील तर दोन घ्या. पण ते कुठे लावायचे? आपल्याकडे रिवाज आहे की नवे पुढे, कारण स्टीअरिंग पुढे, इंजिन पुढे. टायर कंपन्या उलट सांगतात: नवे मागे लावा. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर ड्रायव्हरला स्टीअरिंगमध्ये कळते, वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि आपल्या हातात काही राहत नाही. यावर उस्तादांशी आमचा बराच वाद झाला, आणि ते अजून पटलेले नाहीत. पुढचे टायर मात्र अगदी गुळगुळीत असतील तर दोनने भागत नाही. नक्षीच्या खाचांत छोटे आडवे रबरी उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानेही त्याखाली टायर वापरता येत नाही.

सेकंड हँड टायरबद्दल विचाराल तर, तारीख वाचल्याशिवाय हात लावू नये. काळे पॉलिश मारलेला टायर नव्यासारखा चमकतो, पण चार आकडे पॉलिशने बदलत नाहीत.

आणि हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर कमी माणसांसाठी किती आणि भरलेल्या गाडीसाठी किती ते लिहिलेले असते. त्या दिवशी आम्ही पाच जण आणि सामान घेऊन निघालो होतो, आणि हवा महिनाभर तपासलेली नव्हती. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत दबतो, वाकतो, आतून तापतो. उन्हाळ्यात टायर फुटले की आपण म्हणतो हवा जास्त झाली असेल. बहुतेक वेळा दुखणे उलट असते. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की हवेचा दाब साधारण एका पीएसआयने वाढतो, म्हणून माप सकाळी, गाडी चालवण्याआधी घ्यावे. भर दुपारी तापलेल्या टायरची हवा काढू नये. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायचे का? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकटच असतो. नियमित तपासणार असाल तर साधी हवा पुरते.

हे सर्व आता जास्त निकडीचे झाले आहे. उमराहला जाणाऱ्यांना सोडायला बीडहून मुंबई विमानतळावर जाणारी कुटुंबे पुष्कळ असतात. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, आणि आता संभाजीनगरपर्यंत जाऊन तिथून समृद्धी धरणारे वाढले आहेत. सिमेंटचा सरळ रस्ता, छोट्या गाड्यांना सपाटीवर ताशी १२० ची मुभा. आपल्या गल्लीत चाळीसने फिरणारी गाडी तिथे दोन-दोन तास शंभरने धावते. म्हाताऱ्या टायरची खरी परीक्षा तिथेच होते. परिवहन विभागाने या महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परतही पाठवल्या आहेत. पण अधिकाऱ्याच्या नजरेला नक्षी दिसते. वय आपणच वाचायचे.

जुन्या टायरचे दुकानात प्रत्येकी दोनशे रुपये मिळत होते. ते कुठे जाणार विचारले तर उत्तर आले, "एखाद्या रिक्षाला, हातगाड्याला." हातगाड्याला ठीक, पण रिक्षात कोणाची तरी मुले शाळेत जातात. आम्ही आठशे रुपये सोडले आणि चारही टायर घरी आणले. तीन अंगणात मातीने भरून त्यात अम्मींनी पुदिना आणि कोथिंबीर लावली आहे. फुगा आलेला चौथा शाळेत आहे. वर्तुळाचा धडा आला की मुले त्याला दोरा गुंडाळून परीघ मोजतात, आणि बावीस सप्तमांशाशी जुळला नाही की फुग्याला दोष देतात.